डॉक्टरांची अँबॅसिडर रस्त्यावर येते

या अंकाच्या संपादकांनी फोन करून मला सांगितलं, "मिस्त्री, तुमची संघर्षगाथा लिहून द्या. तरुणांना प्रेरणा मिळंल असं काहीतरी." मी बेचाळीस वर्षं मुरुम गावात गाड्या दुरुस्त केल्या. त्यात माझा संघर्ष झाला तो गंजलेल्या नटांशी, आणि निम्म्या वेळा नटच जिंकला. यातून तरुणांनी काय प्रेरणा घ्यायची ती घ्यावी. मी आपली शेवटच्या गाडीची हकीकत सांगतो. या गाडीनं मला दोन महिन्यांत गावातला मोठा माणूस केलं आणि एका मिनिटात जमिनीवर आणलं. जमीन नांगरलेली होती, हे नशीब.

गाडी म्हणजे देशमाने डॉक्टरांची अँबॅसिडर. जुन्या घडणीची, गियरचा दांडा स्टेअरिंगखाली असलेली. डॉक्टर होते तोवर तिचं सगळं काम माझ्याकडं असायचं. ते गेले आणि गाडी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडात जी उभी राहिली, ती चौदा वर्षं हलली नाही.

डॉक्टरांच्या पत्नी, देशमानेबाई, हायस्कुलात गणित शिकवायच्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी नववीत मला नापास केलं. गाव म्हणतं, त्यामुळंच मी मिस्त्री झालो. मी म्हणतो, मुरुमला मिस्त्रीची गरज होती, ती बाईंनी ओळखली.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाई एक दिवस गॅरेजवर आल्या. वय एकाहत्तर, पण चाल अजून तास संपल्याची घंटा झाल्यासारखी.

"बसवराज, शेडातली गाडी चालू करायची आहे."

"चालू कशाला, बाई? भंगारवाला तर रोज विचारतोय."

"तेजसचं लग्न ठरलंय. सतीशला नवरदेव आजोबांच्या गाडीतून आणायचा आहे."

सतीश म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब. तेजस हा त्याचा मुलगा. चौदा वर्षांत सतीशला गाडीची एकदाही आठवण झाली नव्हती. पण पुण्यात म्हणे जुन्या गाडीतून येणाऱ्या नवरदेवाला आता घोड्यापेक्षा जास्त मान आहे.

एवढं सांगून बाई निघाल्या, मग दारातून परत फिरल्या. "लग्नाचं झालं सतीशचं. माझं वेगळं आहे. आपलं शेत लोहाऱ्याच्या वाटेवर. मी आठवड्यातून दोनदा वडापानं जाते. एका जीपमध्ये चौदा माणसं, माझ्या मांडीवर तिसरीच्याच बाईचं लेकरू आणि पायाशी कुणाची तरी शेळी. ही गाडी मला चालवायची आहे."

"तुम्हाला?"

"तुला ऐकायला कमी येतं का? आणि यातलं सतीशला एक अक्षर सांगायचं नाही."

डॉक्टरांनी बाईंना गाडीला कधी हात लावू दिला नव्हता. चोवीस वर्षं त्या डाव्या बाजूच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी फक्त पाहिलं. गणिताच्या बाईंनी चोवीस वर्षं पाहिलेलं म्हणजे पाठ झालेलंच म्हणायचं.

शेड उघडलं. ताडपत्री ओढली तर मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण चाललेलं. बॉनेट वर केलं तर इंजिनावर उंदरांनी दवाखान्यातला कापूस आणि औषधकंपन्यांची जुनी कॅलेंडरं कुरतडून गादी केलेली. वायरिंग त्यांनी आधीच खाऊन संपवलं होतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर लिंपलं होतं. चारी टायर बसके, तळाशी भेगा.

लोकांना वाटतं, उभी गाडी म्हणजे आराम करणारी गाडी. तसं नसतं. गाडी चालून झिजते त्याच्यापेक्षा उभं राहून जास्त मरते. टाकीतलं पेट्रोल उडून जातं, मागं राहतो तो चिकट पिवळा राळेसारखा थर, आणि तो कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत जाऊन बसतो. इंजिनातला पिस्टन आपल्या नळीला गंजानं चिकटतो. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं आणि ते पाणी आतून लोखंड खातं. रबर नावाची जी जी वस्तू आहे, ती वरून धडधाकट दिसते आणि आतून गेलेली असते. हे शेवटचं वाक्य मी स्वतः पन्नास गिऱ्हाइकांना ऐकवलंय. ते मी पुढं कसं विसरलो, तेच या लेखात सांगायचंय.

अशा गाडीला आणल्या आणल्या बॅटरी जोडून चावी मारणारा मिस्त्री म्हणजे कसाई. मी प्लग काढले, प्रत्येक नळीत डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी पुढून हँडल घातलं. हललं नाही. परत तेल, परत चार दिवस. टाकी उतरवून तिच्यात बारीक खडी टाकली आणि आतला गंज सुटेपर्यंत घुसळली. माझी बायको गिरिजा डबा घेऊन आली, तो आवाज तिनं ऐकला आणि म्हणाली, "घरी एवढं ताक घुसळलं असतं तर बरं झालं असतं." तेराव्या दिवशी हँडलला बोटभर ढील आली. मी शेडात एकटाच होतो, आणि खोटं कशाला सांगू, मी हँडलला नमस्कार केला.

तोवर गावाला बातमी लागली होती. रोज माणसं यायची. पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज काय देती?" गाडीला चाकं नव्हती, तरी ॲव्हरेज विचारायचे. दुसरी जात आठवणवाल्यांची. "डॉक्टरांनी मला ह्याच गाडीतनं सोलापूरला नेलं म्हणून वाचलो." "माझा जन्म ह्याच गाडीत झाला." त्या शेडात इतक्या जणांनी मला आपला जन्म अँबॅसिडरमध्ये झाल्याचं सांगितलं, की डॉक्टरांनी दवाखाना कशाला बांधला होता ते कळेना. यातल्या एकानंही चौदा वर्षांत तिच्यावरची ताडपत्री सरळ केली नव्हती.

सतीश पुण्याहून दर दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल करायचा.

"मिस्त्री, रंग मोतिया पांढराच द्या. आणि पुढची जाळी आरशासारखी चमकली पाहिजे."

"साहेब, आधी इंजिन फिरू द्या."

"ते होईल हो. रंगाचं बघा."

मग त्यानं लग्नाचं सगळं जमवणारी एक मुलगी पाठवली. अन्विता नाव. तिनं गंजलेली, पोपडे निघालेली गाडी पाहिली आणि तिचे डोळेच भरून आले.

"काका, प्लीज हिला रंग देऊ नका! किती सुंदर गंज आहे!"

"गंज?"

"हो, असा गंज आम्ही मुद्दाम रंगवून घेतो."

मी चाळीस वर्षं लोकांचा गंज फुकट घासून टाकत आलो होतो. घरी हे सांगितल्यावर गिरिजा म्हणाली, "तरी म्हणत होते, ठेवून द्या."

आता सतीशला चमक पाहिजे, अन्विताला गंज पाहिजे. दोघांचं फोनवर भांडण झालं आणि तडजोड निघाली ती अशी, की गाडी पांढरी करायची आणि डिकीच्या कोपऱ्यात वीतभर गंज आठवण म्हणून तसाच ठेवायचा. शिवाय अन्विताला एंट्रीच्या वेळी गाडीतून थोडा धूर निघायला हवा होता. मी सांगितलं, "बाळ, गाडीतनं धूर निघतो तेव्हा ती मरायला टेकलेली असते." ती म्हणाली, "नाही नाही, पांढरा धूर!"

बाई रोज साडेदहाला यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि एकेका भागाकडं बोट करायच्या. हे काय, ते काय, हे नसलं तर काय होईल. एवढ्या माणसांत एकट्या बाईंनीच विचारलं, "बसवराज, चालेल ते कळलं. थांबेल का?"

"थांबंल की, बाई. ब्रेकचं सगळं बघतो."

आणि मी बघणारच होतो. पण मधेच मी प्रसिद्ध झालो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी अन्विता कॅमेरा घेऊन हजर होती. हँडल मारलं, गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा शिंकली आणि तिसऱ्यांदा धरली. चार सिलेंडरांचा तो जुना, सावकाश, घरंदाज आवाज शेडात घुमला आणि मला रडू आलं. अन्वितानं तेवढं बरोबर टिपलं आणि मोबाइलवर टाकलं. खाली लिहिलं, 'गंजातून प्राण फुंकणारा जादूगार.'

चार दिवसांत ते कुठं कुठं पोचलं. तामलवाडीचा माझा मेहुणा, ज्यानं दहा वर्षं माझ्याशी बोलणं सोडलं होतं, त्यानं फोन करून सांगितलं, "भावजी, तुम्ही रडताना लई झ्याक दिसता." लोक सेल्फीला येऊ लागले. गावातल्या एका मंडळानं शाल-नारळ दिला. एकजण बिघडलेला मिक्सर घेऊन आला, म्हणाला, ह्यात पण प्राण फुंका. मी आयुष्यात पहिल्यांदा निळा डांगरीचा पोशाख शिवून घेतला, खिशावर नाव विणून. घरातल्या आरशापुढं उभा राहून केसांना रंग लावताना गिरिजानं पाहिलं.

"साकु आता," ती म्हणाली. आमच्या घरात पुरे झालं हे कानडीत सांगायची रीत आहे, म्हणजे ते शेवटचं असतं. मी ऐकलं नाही.

अन्विता म्हणाली, आता गाडीच्या खालून शूटिंग करायचं, कॅमेरा जमिनीवरून सरकत जाणार. म्हणून मी खाली पडून दोन दिवस गाडीचं पोट घासलं. जे लोखंड होतं त्याला काळा रंग दिला. ब्रेकच्या रबरी नळ्या, होज म्हणतात त्यांना, पुढं दोन आणि मागं एक. ब्रेक दाबला की तेलाचा दाब या नळ्यांतून चाकापर्यंत जातो. त्या बदलायच्या होत्या. सोलापुरात चौकशी केली, मिळाल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू म्हणून राहिलं. कॅमेऱ्यासाठी मी त्याच जुन्या नळ्यांना टायरचं पॉलिश चोळलं. काळ्या कुळकुळीत झाल्या. इतक्या नव्या दिसू लागल्या, की तीन दिवसांनी खाली वाकलो तेव्हा माझ्या मनानं घेतलं, ह्या तर बदलल्या. दुसऱ्याला फसवायला लावलेलं पॉलिश होतं, आणि फसलो मी.

दरम्यान कागदांचं चाललं होतं. मालक वारला असला तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, मगच पुढचं पासिंग. बाकीच्या वारसांनी संमतीचा कागद द्यावा लागतो. सतीशला मी फोन केला. तो म्हणाला, "जे लागेल ते पाठवा, सही करतो, फक्त तारखेच्या आत करा." कागद गेला, दोन दिवसांत सही होऊन आला. काय लिहिलंय ते त्यानं वाचलं असंल असं मला वाटत नाही. कागद बाईंनी वळणदार अक्षरात स्वतः तयार केला होता.

बाईंनी उमरग्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नावही घातलं. शिकाऊ परवाना काढला. कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत बसून सिग्नलच्या खुणांची परीक्षा दिली. बाहेर आल्या त्या जरा रागातच. "सोपा पेपर काढतात," म्हणाल्या.

मग त्यांनी शेतात जाऊन आपल्या गाडीवर हात बसवायचं ठरवलं. अँबॅसिडर ट्रॅक्टरमागं बांधून शेतापर्यंत नेली. शेतातली वाट बाईंच्या स्वतःच्या मालकीची, दोन्ही बाजूंना नांगरलेलं काळं रान, आणि वाट उतरत उतरत विहिरीकडं जाते. विहिरीला कठडा नाही. मी बाईंच्या शेजारी बसलो, नव्या निळ्या पोशाखात. बाईंनी पदर खोचला, आरसा सरळ केला, पहिला गियर टाकला आणि गाडी अशी सोडली, की डॉक्टरही इतकी अलगद सोडत नसत. वर गेलो, वळलो, खाली आलो. दोन फेऱ्या झाल्या. बाईंच्या ओठांवर हसू आलं होतं. नववीच्या वर्गात ते आम्ही वर्षातनं एकदा बघायचो, शाळेला सुट्ट्या लागताना.

तिसऱ्या फेरीला उतारावर बाईंनी तिसरा टाकला. विहीर साठ-सत्तर पावलांवर असताना ब्रेक दाबला. आधी लागल्यासारखा झाला, मग खालून फस्‌ आवाज आला आणि पायाखालचा दांडा थेट तळाला गेला.

"ब्रेक! बाई, ब्रेक!" मी ओरडलो.

"ओरडू नकोस. ब्रेक गेलाय. दुसरं काय करायचं ते सांग."

मी, बेचाळीस वर्षांचा मिस्त्री, शाल-नारळवाला, पुढचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी दाबत होतो, जणू माझ्या दाबण्यानं गाडी थांबणार होती.

"बसवराज! सांग!"

"गियर... गियर उतरवा. सेकंड."

बाईंनी क्लच दाबला, दांडा ओढला. इंजिन डुरकलं, गाडी जरा रोखली. "हँडब्रेक," मी म्हणालो. त्यांनी तो ओढलाच होता. तरी विहिरीचा काठ येतच होता. मग बाईंनी न विचारता स्टेअरिंग डावीकडं मारलं. गाडी वाटेवरून उडी मारून नांगरलेल्या रानात घुसली, चार सऱ्या तोडल्या आणि पुढची चाकं निम्मी बुडवून थांबली. माझं कपाळ समोर आपटलं. विहीर उजव्या हाताला, दहा-बारा पावलांवर.

बाईंनी चावी बंद केली. विहिरीवरची मोटर तेवढी चालू होती.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा सांगण्यासारखी चार-पाच कारणं तयार होती. गाडी जुनी आहे, वाट खराब आहे, आता पहिल्यासारखा माल मिळत नाही. ही कारणं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिली आणि त्यांनी ती घेतली. पण या बाईंसमोर मी लहानपणी गृहपाठ न केल्याची कारणं देऊन बघितली होती.

"ब्रेकची नळी फुटली. जुनी होती. बदलायची राहिली."

"जुनी आहे हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

"पॉलिश लावलं होतं. शूटिंगसाठी. नवी वाटायला लागली."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"तुझं नववीपासून हेच आहे," त्या म्हणाल्या. "गणित येतं. हातचा धरायला विसरतोस."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी मी सतीशला फोन लावला आणि गाडी लग्नाला येणार नाही म्हणून सांगितलं. नळ्या मिळवायच्या, चाकांतली सगळी रबरं बदलायची, लग्न तीन आठवड्यांवर. शेतात काय झालं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चालवत कोण होतं तेही सांगावं लागलं असतं.

"अहो, ब्रेक कशाला लागतो?" सतीश म्हणाला. "गेटपासून मंडपापर्यंत शंभर फूट. चालली की झालं."

"साहेब, मंडपात माणसं असतेत."

"मग ढकलत आणू. किंवा ट्रकवर ठेवून आणू, फुलं लावून."

फोन स्पीकरवर होता. बाई शेजारी होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, शाळेत चुकीचं उत्तर आल्यावर हलवायच्या तशी. मी नाही म्हणून सांगितलं. सतीशनं मला बेजबाबदार म्हटलं. ते खरंच होतं, फक्त त्याला कारण माहीत नव्हतं.

लग्न महामार्गावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. सतीशनं भाड्यानं दुसरी जुनी गाडी मागवली होती. काय गाडी! लांब नाक, मोठे गोल दिवे, उघडं टप, सोनेरी पट्ट्या. पाहुणे तोंडात बोट घालून बघत होते. "ह्याला म्हणतेत अँटिक," एकजण म्हणाला, "इंग्रजाच्या काळातली आहे." तेजस तिच्यात उभा राहिला, पांढरा धूर सोडला, बँड वाजला, आणि गेटातून आत आल्यावर वीस पावलांत गाडी बंद पडली. खरा धूर निघायला लागला, काळा.

"मिस्त्री कुठंयत?" अशी हाक झाली. मी डोक्याला फेटा बांधून पाहुण्यांत बसलो होतो. गेलो आणि ते लांब नाक उचललं. आत, त्या राजवाड्यासारख्या बॉनेटच्या एका कोपऱ्यात, जुन्या व्हॅनचं एवढंसं इंजिन अंग चोरून बसलं होतं. बाकी सगळं पोकळ. पंख्याची वायर निघाली होती, ती खोचली, रुमालानं बांधली, पाणी ओतलं, चालू झालं. मागून बाई आल्या. त्यांनी वाकून गाडीच्या दाराला बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"प्लॅस्टिक?"

"फायबर."

"छान आहे," त्या म्हणाल्या. "उंदीर खाणार नाहीत."

पंगतीत एका पाहुण्यानं माझा हात हातात घेतला. "मिस्त्री, मोबाइलवर बघितलं होतं तुमचं. गाडीचं सोनं केलंत हो! प्रत्यक्षात तर अजूनच भारी दिसती." मी त्यांना नमस्कार केला. नमस्कार दोन्ही अर्थांनी चालतो.

लग्न झालं आणि अँबॅसिडर कुणाच्या लक्षात राहिली नाही. अन्विताचे फोन बंद झाले. सेल्फीवाले बंद झाले. मिक्सरवाला तेवढा आपला मिक्सर न्यायला आला, तसाच बिघडलेला घेऊन गेला. मी निळा पोशाख घडी घालून ठेवला आणि जुना बनियन चढवून गाडीखाली गेलो. कोलकात्यात अजून या गाड्यांचं सामान ठेवणारा एक म्हातारा दुकानदार सापडला. त्याचं हिंदी बंगाली, माझं हिंदी दखनी, पण ब्रेक या शब्दावर आमचं एकमत झालं. तीन नळ्या कुरिअरनं आल्या. मी चारी चाकं उघडली. ब्रेकच्या प्रत्येक सिलेंडरची रबरं बदलली, लोखंडी पाइपसुद्धा नवे वळवून घातले, तेल भरून हवा काढली. बाई रोज स्टुलावर बसून असायच्या. मी एकेक काम झालं म्हटलं, की त्या "दाखव" म्हणायच्या. मी दाखवायचो. सगळं झाल्यावर स्वतः चालवायला बसलो आणि त्याच उतारावर, त्याच विहिरीकडं तोंड करून, वीस वेळा थांबवली. एकविसाव्या वेळी बाई म्हणाल्या, "उतर."

त्यांचा पक्का परवाना आला. मग एक दिवस सकाळी ट्रकवर चढवून गाडी धाराशिवला पासिंगला नेली. तिथं मोटार तपासणारे साहेब तरुण होते. त्यांनी मोतिया रंगाकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ खाली वाकले, टॉर्च मारला, नळ्या बघितल्या, बोटानं दाबल्या. मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं.

"चालवून दाखवा," ते म्हणाले. "त्या रेषेवर थांबवायची." मग आत बसलेल्या बाईंना म्हणाले, "काकू, तुम्ही जरा उतरा. ड्रायव्हरला बसू द्या."

"ड्रायव्हर बसलाय," बाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. बाईंनी गाडी मागं नेली, वेगानं आणली आणि रेषेवर अशी थांबवली, की पुढचं टायर रेषेला शिवलं आणि ओलांडलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं आणि सही केली.

येताना ट्रक लागला नाही. नळदुर्गच्या अलीकडं माझा फोन वाजला. सतीश होता.

"मिस्त्री, झालं का पासिंग?"

"झालं, साहेब."

"छान. पुण्याचं एक हॉटेल गाडी घ्यायला तयार आहे. दारात उभी करणार, डिकीत दोघांचं टेबल लावणार. उद्या माणूस पाठवतो."

"साहेब, मालकाची सही लागंल."

"मीच की मालक."

"गाडीच्या पुस्तकात बाईंचं नाव आहे. तुम्हीच सही करून दिलीत की."

मग त्यानं विचारलं, "आई कुठंय?"

"गाडीतच आहेत. मुरुमला निघालोय."

"गाडीनं? कोण चालवतंय? तुम्ही तर फोनवर आहात. ड्रायव्हर ठेवला का?"

"व्हय. ठेवलाय."

"भरवशाचा आहे का? रस्त्यावर ट्रक किती असतात!"

मी उजवीकडं बघितलं. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या ट्रकला पुढं जायची खूण केली होती. ट्रक गेला, तसा त्यांनी हात आत घेतला.

"लई भरवशाचा," मी म्हणालो. "वय जरा जास्त आहे. एकाहत्तर."

"एकाहत्तर? अहो, इतक्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती आईला दिलंत? द्या त्याला फोन!"

मी फोन बाईंच्या कानाजवळ धरला. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"सतीश," त्या म्हणाल्या, "गाडी चालवताना फोनवर बोलायचं नसतं. ठेव."